सरकारी कोठार, दुष्काळ व पावती

बीड जिल्ह्यांतील नारायणगड हें क्षेत्र वारकऱ्यांस 'धाकटी पंढरी' या नांवानें परिचित आहे. तेथील सत्पुरुष नगद नारायण महाराज म्हणून ओळखले जातात, व त्यांची पालखी आषाढीस पंढरपुरास जाते. मागें एका एकादशीस प्रस्तुत लेखक गडावर गेला असतां देवळाबाहेर सावलींत बसलेला एक वृद्ध वारकरी सहज बोलून गेला, "गुरुजी, आपला देव नगदीचा आहे, उधारी ठेवीत नाहीं." नांवाची व्युत्पत्ति सांगण्याचा त्याचा हेतु नव्हता, व ती सांगणें हा या लेखाचाहि विषय नव्हे. परंतु त्या उद्गारानें दोन जुन्या कथा एकदम मनांत एकत्र आल्या. एक मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची, व दुसरी अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या वडिलांची. दोन्ही कथा बेदरच्या अंमलांतल्या. दोहोंत दुष्काळ, सरकारी कोठार व सरकारी देणें हीं तीन अंगें समान. आणि दोहोंत देव भक्ताचें देणें माफ करवून घेत नाहीं, तो तें रोख भरतो. या शेवटच्या गोष्टीकडे अभ्यासकांचें जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

प्रश्न असा आहे. दुसऱ्याची ठेव आपल्या ताब्यांत आहे, किल्ली आपल्या कमरेला आहे, आणि दाराशीं उपाशी माणूस उभा आहे. धन्याची आज्ञा आणावयास वेळ नाहीं. अशा वेळीं अधिकाऱ्यानें काय करावें? कुलूप राखलें तर माणूस मरतो. उघडलें तर विश्वास मोडतो. नीतिग्रंथांतून हा प्रश्न विद्यार्थ्यांस सांगणें सोपें आहे. ज्यावर प्रसंग येतो त्यास तो सोपा राहत नाहीं.

प्रथम दामाजीपंतांची कथा घेऊं. तिचें सर्वपरिचित रूप ताहराबादच्या महिपतीच्या 'भक्तविजया'त आढळतें. हा ग्रंथ शके १६८४ (इ. स. १७६२) मधील, म्हणजे कथेंतील काळानंतर सुमारें तीनशें वर्षांनीं झालेला आहे. कथा वाचकांस विदितच आहे, म्हणून संक्षेपानें सांगतों. दामाजी हे मंगळवेढ्यास बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळ पडला. त्यांच्या पंक्तीस बसलेल्या एका ब्राह्मणास पंढरपुरांत उपाशी असलेल्या आपल्या कुटुंबाची आठवण होऊन घास गिळवेना. दामाजींनीं त्याच्यासाठीं धान्य पाठविलें, तें वाटेंत भुकेल्या लोकांनीं लुटलें, व मग सारी पंढरी मंगळवेढ्याच्या दाराशीं आली. दामाजींनीं बादशाही पेवें उघडलीं. हाताखालच्या अधिकाऱ्यानें बेदरास कळविलें, दामाजींस धरून नेण्याचा हुकूम सुटला. ते वाटेंत असतांनाच विठू महार नांवाचा एक इसम दरबारांत हजर झाला, त्यानें धान्याची किंमत भरली, पावती घेतली, व ती पावती दामाजींस आपल्या गीतेच्या पोथींत सांपडली.

या दुष्काळास 'दुर्गादेवीचा दुष्काळ' म्हणण्याची वहिवाट आहे. ग्रँट डफनें दुर्गादेवीचा प्रारंभ इ. स. १३९६ मध्यें धरला असून तो बारा वर्षें चालला असें म्हटलें आहे. हा काळ धरल्यास कथेंतील बेदर जुळत नाहीं. कारण त्या वेळीं बहमनी गादी गुलबर्ग्यास होती, व ती बेदरास अहमदशहा बहमनीच्या कारकीर्दींत (१४२२–१४३६) गेली. तेव्हां एक तर दामाजींचा दुष्काळ निराळा व पुढचा मानला पाहिजे, किंवा बेदर हें नांव मागाहून कथेंत आलें असें म्हटलें पाहिजे. परंपरेनें दामाजींचा काळ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत धरला जातो, व पहिला पक्षच त्याशीं सुसंगत आहे. मोठ्या दुष्काळाचें नांव पुढील लहान दुष्काळांस चिकटणें ही लोकस्मृतीची नेहमींची रीत आहे.

दुसरी कथा दासोपंतांची. दासोपंतांचा जन्म शके १४७३ (इ. स. १५५१) मध्यें नारायणपेठ येथें झाला. (नारायणगडाशीं या गांवाचें केवळ नामसाम्य आहे.) त्यांचें पुढील आयुष्य अंबाजोगाईस गेलें व तेथेंच शके १५३७ मध्यें ते समाधिस्थ झाले. निजामी अंमलांत ज्यास मोमिनाबाद म्हणत तेंच हें अंबाजोगाई. 'गीतार्णव' हा त्यांचा विशाल ग्रंथ, व सुमारें चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली 'पासोडी' हस्तलिखितांच्या संग्राहकांस ठाऊक आहेच. त्यांचे वडील दिगंबरपंत देशपांडे हे बेदरच्या बरीदशाही अंमलांतील वतनदार अधिकारी होते. परंपरागत चरित्र असें सांगतें कीं दुष्काळांत त्यांनीं लोकांस धान्य वाटलें, त्यामुळें सरकारी भरणा थकला, व बादशहानें त्यांचा मुलगा ओलीस ठेवून घेतला. महिन्याच्या मुदतींत रक्कम आली नाहीं तर मुलगा घरास व स्वधर्मास मुकणार अशी अट होती. मुदत संपतां संपतां दत्ताजी पाडेवार या नांवाचा एक सेवक येऊन रक्कम भरून गेला. तो प्रत्यक्ष दत्त होता असा भक्तांचा विश्वास आहे.

दोन कथा, दोन शतकें, दोन दैवतें, व तरीहि सांचा एकच. एक कथा दुसरीवरून घडली असें कोणी म्हणेल, व तें अशक्य नाहीं. परंतु उसनी घेतलेली कथादेखील लोकांस पटल्यावांचून टिकत नाहीं. म्हणून येथें चमत्कार खरा कीं खोटा हा वाद बाजूस ठेवून, चमत्काराचा आकार असाच कां, हें विचारणें अधिक फलदायी आहे. ज्या देवास सर्व शक्य आहे त्यानें बादशहाचें मन वळवावयास हरकत नव्हती. रिकामीं पेवें रातोरात भरतां आलीं असतीं. चुगलखोराची जीभ लुळी पडली असती. असे चमत्कार आपल्या संतचरित्रांत हवे तितके आहेत. या दोन कथांत मात्र देव बाजारभावानें हिशेब चुकता करतो. कथा रचणाऱ्या व ऐकणाऱ्या समाजास धान्याची लूट पुण्यानें आपोआप फिटते हें मान्य नव्हतें, एवढेंच याचें तात्पर्य निघतें. पुण्य पुण्याच्या खात्यावर, व देणें देण्याच्या खात्यावर.

दोन्ही कथांतील भरणा करणारा कोण, हेंहि पाहण्यासारखें आहे. एकींत विठू महार, दुसरींत पाडेवार. आणि पाडेवार म्हणजेहि महारच. सरकारी वसूल गांवाहून ठाण्यावर पोंचविणें हें महाराच्या वतनी कामांपैकीं एक होतें. रुपयांची थैली ज्याच्या डोक्यावर, त्याच्या प्रामाणिकपणावर साऱ्या गांवाची अब्रू. तेव्हां कथाकारानें देवास जें रूप दिलें तें कल्पनेच्या भरारीनें सुचलेलें नसून रोजच्या व्यवहारांतून उचललेलें आहे. त्यांत एक बोचणारी गोष्ट मात्र आहे. ज्याच्या हातीं बादशाही खजिना निःशंकपणें दिला जाई, त्यास त्याच विठोबाच्या देवळाची पायरी ओलांडतां येत नव्हती. चोखोबांच्या पायरीपासून १९४७ च्या मे महिन्यांतील साने गुरुजींच्या उपोषणापर्यंत हा विसंवाद चालला. दामाजींच्या कथेवर टाळ वाजविणाऱ्या आम्हां लोकांस तो चारशें वर्षें दिसला नाहीं, ही नोंद या ठिकाणीं करणें अवश्य आहे. परक्याच्या ठेवीविषयीं इतकी सूक्ष्म दृष्टि असलेला समाज शेजाऱ्याच्या हक्काविषयीं आंधळा असूं शकतो.

आतां शास्त्राकडे वळूं. आपद्धर्माचीं उदाहरणें आपल्या ग्रंथांत पुष्कळ आहेत. शांतिपर्वांत बारा वर्षांच्या अवर्षणांत विश्वामित्र चांडाळाच्या घरांतून कुत्र्याची तंगडी नेतो, व मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत त्याचा निर्देश आहे. छांदोग्य उपनिषदांतील उषस्ति चाक्रायण गारपिटीनें उजाड झालेल्या कुरुदेशांत एका गजपतीनें खाऊन उरलेले कुळीथ मागून खातो. पण त्याचेंच उष्टें पाणी नाकारतो. कुळिथांवांचून जीव जाईल, पाणी मात्र कोठेंहि मिळेल, असा त्याचा हिशेब. आपत्तीची सवलत गरजेपुरतीच, हें तत्त्व याहून स्वच्छ रीतीनें कोणीं सांगितलें नसेल. परंतु हीं दोन्ही उदाहरणें स्वतःच्या जीवाची आहेत. दामाजींचा प्रसंग त्यांत बसत नाहीं. येथें भूक दुसऱ्याची, धान्य तिसऱ्याचें, व हात फक्त आपला.

ठेवीच्या कायद्याकडे पाहिल्यास उत्तर अधिक कठोर मिळतें. याज्ञवल्क्याच्या मतें राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळें ठेव गेली तर ठेवणाऱ्यास ती परत मागतां येत नाहीं; पण ज्यानें ती आपखुशीनें वापरली त्यास दंड आहे, व नफ्यासह ती परत करणें प्राप्त आहे. या स्मृतीवरील विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' कल्याणीस चालुक्यांच्या आश्रयांत झाली, व तें बसवकल्याण आज बेदर जिल्ह्यांतच आहे. म्हणजे दामाजींवर ज्या प्रांतांत आरोप आला, त्याच प्रांतांत साडेतीनशें वर्षांपूर्वीं ठेवीचा कायदा विवेचिला गेला होता. दामाजी त्या कायद्याच्या कोणत्याहि अपवादांत बसत नाहींत. दुष्काळ हें दैव खरें, पण पेवें दैवानें उघडलीं नाहींत.

त्यांच्या बाजूनें एकच भक्कम युक्तिवाद आहे, व तो कौटिल्याचा. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत कोष्ठागाराध्यक्षाचें प्रकरण आहे. त्यांत कोठारांतील निम्मा सांठा प्रजेवरील आपत्तीसाठीं राखून ठेवावा, निम्मा वापरावा, व नव्या धान्यानें जुनें बदलीत जावें, असा नियम आहे. चौथ्या अधिकरणांत दुष्काळीं राजानें बियाणें व अन्न देऊन प्रजेवर अनुग्रह करावा असें सांगितलें आहे. हें मानलें तर कोठारांतील धान्य अर्धें तरी भुकेल्याचेंच होतें. दामाजींनीं तें ज्याचें त्यास दिलें. पण येथेंहि एक अडचण राहते. आपत्ति आली हें ठरविण्याचा अधिकार राजाचा आहे, कोठीवाल्याचा नाहीं. प्रत्येक किल्लीदारानें आपल्या अंतःकरणाच्या साक्षीनें कोठार उघडावयाचें ठरविलें, तर सदयांबरोबर लबाडहि तीच साक्ष काढतील. आणि लबाडांविषयीं कौटिल्याची समजूत फारशी भोळी नव्हती. अपहाराचे चाळीस प्रकार त्यानें मोजून दिले आहेत. हा ग्रंथ एका हस्तलिखितावरून शामशास्त्र्यांनीं १९०९ मध्यें प्रसिद्ध केला, हें संग्राहकांनीं विसरूं नये. ती पोथी गहाळ झाली असती तर हा युक्तिवाद आज कोणास सुचलाहि नसता.

मग परंपरेचा निर्णय काय? ती दामाजींस कोठार उघडल्याबद्दल दोष देत नाहीं. उलट संत म्हणते. पण ती त्यांस ऋणमुक्तहि म्हणत नाहीं, पावती हातीं येईपर्यंत. कथेंतील दामाजींचें वर्तन बारकाईनें पाहिलें तर तीन गोष्टी दिसतात. त्यांनीं धान्य उघडपणें वाटलें, लपवून नव्हे. चौकशीचा हुकूम आला तेव्हां ते पळाले नाहींत. वाटेंत पंढरीचें दर्शन एवढीच त्यांची मागणी होती. आणि शिक्षा भोगावयास ते सिद्ध होते. ज्यास नियम मोडावयाचा आहे त्यानें मोडल्याची किंमत स्वतःच्या शिरावर घेतली पाहिजे, हाच या वर्तनाचा अर्थ. दया दाखवावयाची व तिची किंमत धन्यानें सोसावयाची, हा सौदा कथेस मान्य नाहीं.

दिगंबरपंतांच्या कथेंत प्रश्न आणखी एक पायरी खालीं, घरांत उतरतो. येथें वाटप बापानें केलें व ओलीस मुलगा राहिला. सार्वजनिक औदार्याची किंमत पुष्कळदां घरांतल्या अबोल माणसास द्यावी लागते, हें ज्यांनीं चार घरें पाहिलीं आहेत त्यांस सांगावयास नको. आईनें तो महिना कसा काढला असेल? शेंकडों मुलांच्या तोंडीं घास घालणारा बाप आपल्या एका मुलाच्या बाबतींत बरोबर होता कीं चूक? कथा या प्रश्नाचें उत्तर देत नाहीं. ती फक्त मुदत मोजते. कदाचित् त्यामुळेंच ती दामाजींच्या कथेइतकी कीर्तनांत रंगली नाहीं. पण ती अधिक खरी वाटते.

याच तत्त्वाचा पेशवाईंतील एक प्रसिद्ध दाखला येथें जोडतों, कारण त्यांत चमत्कार मुळींच नाहीं. पुण्यास श्रावणमासांत दक्षिणा वांटली जात असतां न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचा भाऊ पुढें आला. नाना फडणिसांनीं रक्कम विचारली, तेव्हां विद्येच्या मानानें इतर सामान्य ब्राह्मणांस मिळते तितकीच द्यावी, भाऊ म्हणून जें द्यावयाचें तें मी घरीं देईन, असें शास्त्रीबोवांनीं सांगितलें अशी आख्यायिका आहे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाच्या चौकशींत राघोबादादांसमोर जो निर्भीडपणा त्यांनीं दाखविला तो सर्वश्रुत आहे. पण प्रस्तुत लेखकास हा दक्षिणेचा प्रसंग अधिक कठीण वाटतो. सत्ताधीशास दोष देतांना माणसास स्वतःचा अभिमान साह्य करतो. भावाच्या पसरलेल्या हातावर थोडें ठेवतांना कोणीच साह्य करीत नाहीं. माया आपल्या कनवटीची, न्याय सरकारी थैलीचा, ही ती मर्यादा.

परंतु प्रत्येक अंमलदारानें संत व्हावें अशी अपेक्षा करणारें राज्य चांगलें राज्य नव्हे. उत्तम राज्यव्यवस्था ती, जींत साध्या माणसासहि असा पेंच पडत नाहीं. शिवछत्रपतींनीं ५ सप्टेंबर १६७६ रोजीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास पाठविलेलें पत्र या दृष्टीनें पुन्हा वाचावें. त्यांत एकीकडे सुभेदारानें सरकारी मालांतील भाजीच्या देठासहि लोभ धरूं नये अशी ताकीद आहे, व दुसरीकडे ज्या कुणब्यापाशीं बैल, बियाणें किंवा पोटास दाणे नाहींत त्यास तें सरकारांतून द्यावें, व वाढीदिढी न लावतां मुद्दल तेवढें त्याच्या शक्तीप्रमाणें हळूहळू उगवावें अशी मोकळीक आहे. एकाच पत्रांत कुलूपहि आहे व किल्लीहि आहे. दामाजींस असें पत्र मिळालें असतें तर विठू महारास बेदरापर्यंत चालावें लागलें नसतें.

पुढें १९७२ च्या दुष्काळांत बीड जिल्ह्यानें खडी फोडून दिवस काढले, हें आमच्या पिढीनें लहानपणीं पाहिलें आहे. त्याच वर्षापासून महाराष्ट्रांत रोजगार हमी योजना सर्वत्र सुरू झाली, व १९७७ च्या कायद्यानें काम मागणें हा उपाशी माणसाचा हक्क ठरला. वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेल्या या योजनेचें महत्त्व अर्थशास्त्र्यांनीं सांगितलें आहेच. इतिहासाच्या दृष्टीनें तिचें महत्त्व असें कीं, दामाजींचा पेंच तिनें अंमलदाराच्या छातीवरून उचलून कायद्याच्या पुस्तकांत ठेवला. अर्थात् पुस्तकांत ठेवल्यानें तो पुरता सुटतो असें नाहीं. त्याचा अनुभव प्रस्तुत लेखकास स्वतः आला, व तो येथें सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं.

सन २०१३ च्या आरंभीं, दुष्काळाच्या वर्षीं, मी या जिल्ह्यांतील एका शाळेंत होतों. शाळेंत शिजणाऱ्या अन्नाचें प्रमाण रोजच्या हजेरीवर ठरे. दोन मुलांचे आईबाप ऊसतोडणीस गेले, मुलेंहि बरोबर गेलीं. त्यांचीं नांवें पटावर राहिलीं. त्याच सुमारास एक आजी आपलीं दोन नातवंडें घेऊन दाराशीं येऊं लागली. तीं शाळेच्या वयाचीं नव्हतीं, म्हणून पटावर नव्हतीं. मीं त्यांस पंक्तीस बसविलें, व दोन गैरहजर मुलांपुढें रोज हजेरी मांडली. सुमारें सात आठवडे हें चाललें. कोणास कळलें नाहीं. नातवंडें जगलीं, व त्याबद्दल मला आजहि पश्चात्ताप नाहीं.

पश्चात्ताप दुसऱ्या गोष्टीचा आहे. माझा पगार तेव्हां नियमित होता. दोन मुठी तांदूळ रोज घरून नेणें मला जड नव्हतें. पण खोटी हजेरी मांडणें अधिक सोपें होतें, व तें करतांना मी स्वतःस दामाजी समजत होतों. दामाजींनीं लपविलें नव्हतें, मीं लपविलें. दामाजींचें देणें फिटल्याची पावती कथेंत आहे. माझ्या देण्याची नाहीं. आणि जन्मभर जुन्या कागदांवर विश्वास ठेवून बसलेल्या माणसानें एक खोटा कागद मागें ठेवला आहे. शंभर वर्षांनीं एखादा संशोधक तें हजेरीपुस्तक उघडून त्या वर्षीं ऊसतोडणीच्या हंगामांतहि अमुक दोन मुलें शाळेंत होतीं असा निष्कर्ष काढील, व तो चुकीचा असेल. भुकेल्यास घास दिल्याचें पुण्य मोठें खरें. पण तें त्या खोट्या रेघांस पुसूं शकत नाहीं. दोन्ही खातीं निराळीं, हें त्या वृद्ध वारकऱ्यानें मला गडावर एका वाक्यांत सांगितलें.

शेवटीं संग्राहक मित्रांस एक विनंती. जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांतून पोथ्या व सनदा आपण काळजीनें उचलतां. कोठीचे जमाखर्च, धान्याच्या बाक्या, भरण्याच्या पावत्या हे मळके तुकडे मात्र बहुधा रद्दींत जातात. दुष्काळाच्या वर्षांतील असा एकेक तुकडा म्हणजे कोणा एका किल्लीदारानें, दाराशीं माणसें उभीं असतांना, काय केलें याची साक्ष आहे. त्यांत कोठें तूट दिसेल, कोठें ती भरून काढल्याची नोंद दिसेल, व एखाद्या ठिकाणीं कोणीं आपल्या नांवावर ती लिहून घेतलेली दिसेल. असा कागद हातीं आल्यास तो जपावा व या त्रैमासिकांतून प्रसिद्ध करावा. दामाजींची पावती पोथींत सांपडली अशी कथा आहे; आपल्या दप्तरांतल्या पावत्या शोधण्याचें काम आपलें आहे.